उत्तर देण्याआधी ओळख हवी



तारापूर एमआयडीसीत काम करणारा आपल्या धर्मग्रामातील एक तरुण अलीकडे मला भेटायला आला. जेवणाच्या सुटीत सोबतच्या कामगारांनी त्याला विचारले होते, "तुमचा धर्म परदेशी. तुमच्या बायबलात आहे तरी काय?" तो गप्प राहिला. मला म्हणाला, "फादर, मी घाबरलो नव्हतो. मला काही सांगताच आले नाही."

साक्ष देण्यासाठी धैर्य हवे, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेच आहे. पण ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्याविषयी साक्ष कशी देणार? पवित्र शास्त्र घरात असते, फुले वाहिली जातात, पण ते उघडले जात नाही. मग प्रश्न आला की आपली जीभ अडखळते.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय (3:15-16) पाहा. तेथे दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव तयार असावे आणि ते उत्तर सौम्यतेने, आदराने द्यावे. पहिली गोष्ट विसरलो तर आपण मुके होतो. दुसरी विसरलो तर भांडखोर होतो. मीही एकदा डहाणू लोकलमध्ये एका प्रवाशाशी तावातावाने वाद घातला. वाद जिंकलो, पण तो गृहस्थ पुढे माझ्याशी बोलला नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकूनही तेव्हा मला पेत्राचे हे वचन आठवले नाही.

संत पौलाकडे पाहा (प्रेषितांची कृत्ये 17). थेसलनीका आणि बिरुया येथील विरोधामुळे तो अथेन्सला आला होता. तेथे तो श्रोत्यांच्याच कवींचा आधार घेऊन बोलला. काहींनी थट्टा केली, काहींनी विश्वास ठेवला.

असेच उदाहरण आपल्या जिल्ह्यातही आहे. वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) यांनी अनेक वर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि संतसाहित्यही प्रेमाने अभ्यासले. 2019 साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष नको म्हणून काहींनी विरोध केला, धमकीचे फोनही आले. फादरांनी माघार घेतली नाही. प्रकृती साथ देत नसतानाही जानेवारी 2020 मध्ये ते संमेलनाला गेले आणि निर्भयपणे बोलले. परकेपणाच्या आरोपाला त्यांची मराठीच उत्तर होती. ती एका दिवसात आली नव्हती. तिच्यामागे आयुष्यभराचे वाचन होते.

या आठवड्यात आपण काय करावे?

1. रोज संध्याकाळी रोझरीनंतर मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय घरात मोठ्याने वाचावा. अध्याय 16 आहेत. 16 दिवसांत पूर्ण होतील.

2. वाचून झाल्यावर लहानमोठ्या प्रत्येकाने एक वाक्य आपल्या शब्दांत सांगावे.

3. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी एक गोष्ट त्यालाच विचारावी आणि शांतपणे ऐकावी.

तो तरुण रोज त्याच सोबत्यांबरोबर जेवतो. प्रश्न पुन्हा येणारच. तेव्हा त्याच्या डब्याबरोबर त्याच्याकडे उत्तरही असावे, म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि आजच आपल्या घरातील बायबल उघडा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू