विमान उतरते तेव्हा : ऊर्जेचा हिशेब

विमान आकाशात चढविण्यापेक्षा ते जमिनीवर आणणे अधिक अवघड, असे सर्वसामान्य प्रवासी समजतो, आणि त्याची ही समजूत बरोबर आहे. मात्र त्यामागचे कारण त्याला ठाऊक असतेच असे नाही. उंचावरून वेगाने जाणाऱ्या विमानाजवळ दोन प्रकारची ऊर्जा साठलेली असते. एक उंचीमुळे आलेली, दुसरी वेगामुळे आलेली. उतरणे म्हणजे हा साठा ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या क्रमाने खर्ची घालणे होय. साठा वेळेपूर्वी संपला तर विमान धावपट्टीच्या अलीकडे पडते; तो वेळेत संपला नाही तर ते धावपट्टीच्या पलीकडे जाते. कर्नाटकाच्या भूमीवर वीस वर्षांच्या अंतराने या दोन्ही गोष्टी घडल्या.

पहिली घटना बंगळूरची. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे एअरबस ए-३२० जातीचे विमान मुंबईहून निघून दुपारी एकच्या सुमारास बंगळूरला पोहोचत होते. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमानतळ तेव्हा शहराचा प्रवासी विमानतळही होता. (२००८ साली ही वाहतूक देवनहळ्ळीला गेली.) हवामान चांगले होते. विमान कोरे करकरीत, अवघ्या काही आठवड्यांचे होते. विमानात १४६ माणसे होती. धावपट्टी समोर स्पष्ट दिसत असताना विमान तिच्या अलीकडे, सुमारे ७०० मीटरांवर, गोल्फच्या मैदानात टेकले, पुन्हा उसळले आणि एका बांधावर आदळून पेटले. ९२ जण मृत्युमुखी पडले.

यंत्रात बिघाड नव्हता, आणि म्हणूनच ही घटना अभ्यासण्याजोगी आहे. या विमानात वेग सांभाळण्याचे काम संगणकाकडे सोपविता येते. परंतु तो हे काम दोन रीतींनी करतो. एका रीतीत तो इंजिनांची शक्ती कमीजास्त करून वेग कायम राखतो. दुसऱ्या रीतीत इंजिने अगदी मंद ठेवली जातात, आणि वेग राखायचा तो विमानाचे नाक खाली झुकवून, म्हणजेच उंची खर्चून. ही दुसरी रीत उंचावरून झपाट्याने खाली येण्यासाठी ठीक. जमिनीजवळ ती घातक ठरते, कारण तेथे खर्चायला उंचीच उरलेली नसते. बंगळूरला विमान या दुसऱ्या रीतीत गेले होते. खाली येण्याचा दर ठरविणाऱ्या कळीऐवजी शेजारची, उंची ठरविणारी कळ फिरविली गेली असावी, अशी एक शक्यता चौकशीत पुढे आली. वैमानिकांना मार्ग दाखविणारे दोन ‘फ्लाइट डायरेक्टर’ एकदम बंद केले असते तर संगणक आपोआप पहिल्या रीतीकडे वळला असता. पण त्यांपैकी एकच बंद झाला, दुसरा चालू राहिला.

येथे या विमानाची आणखी एक लकब सांगितली पाहिजे. जुन्या विमानांत संगणकाने इंजिनांची शक्ती घटवली की थ्रॉटलचे दांडेही हाताखाली मागे सरकत, आणि न पाहताही वैमानिकाला ते कळे. ए-३२० मध्ये दांडे जागचे हलत नाहीत. शक्ती किती आहे हे तबकड्यांवर वाचूनच जाणावे लागते. ताशी १३२ नॉट हवा असलेला वेग १०६ नॉटवर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरांच्याही खाली आला. वैमानिकांनी थ्रॉटल पुढे लोटले खरे. पण मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण शक्ती पकडण्यास कित्येक सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद शिल्लक नव्हते. न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या चौकशीने ठपका वैमानिकांवर ठेवला. तो चुकीचा नव्हे. तथापि दांडे न हलविणाऱ्या रचनाकाराला या हिशेबातून सर्वस्वी मोकळे सोडावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

आता उलट बाजू पाहू. विमान साधारणतः तीन अंशांच्या उतारावरून येते आणि धावपट्टीच्या उंबरठ्यावरून सुमारे १५ मीटर उंचीने जाते. तीन अंशांचा उतार म्हणजे एक मीटर खाली येण्यास १९ मीटर पुढे जावे लागणे. उंबरठ्यावर १० मीटर जास्त उंच असलेले विमान म्हणूनच सुमारे १९० मीटर पुढे टेकते. वेगाचा हिशेब तर याहून कठोर आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी जास्त असला की ब्रेकांना एकवीस टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. पाठीमागून वारा असेल, धावपट्टी ओली असेल, तर त्यात आणखी भर.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ उंचही होते आणि वेगातही. २,४५० मीटरांच्या धावपट्टीवर ते उंबरठ्यापासून सुमारे १,६०० मीटर आत टेकले. ही धावपट्टी डोंगर कापून केलेल्या पठारावर आहे. तिच्या टोकाला दरी आहे. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत निष्पन्न झाले ते असे : सहवैमानिकाने, उतरू नका, पुन्हा वर चला, असे तीनदा सुचविले होते. कप्तान त्यापूर्वी प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, आणि झोपेतून उठल्यावर बुद्धीवर राहणारी सुस्ती हेही एक कारण मानले गेले. टेकल्यावर त्यांनी इंजिनांचा उलटा झोत सुरू केला आणि मग, उशिरा, पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. विमानातील १६६ जणांपैकी आठ वाचले.

सहवैमानिकाच्या हातातही सुकाणू असते. त्याने ते ओढून का घेतले नाही, हा प्रश्न विचारणे सोपे आहे. वडीलधाऱ्या माणसाच्या हातून एखादी वस्तू काढून घेणे आपल्याकडे घरात तरी किती जणांना जमते?

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला, तशाच पठारावरच्या धावपट्टीवर, पावसात एक विमान आले. पहिल्या वेळी वैमानिकांनी उतरण्याचा बेत सोडला आणि ते वर गेले. हे नियमानुसारच झाले. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध दिशेने आले. वारा आता पाठीमागून होता, कप्तानाच्या बाजूच्या काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि टोक ओलांडून खाली कोसळले. १९० जणांपैकी २१ दगावले, त्यांत दोन्ही वैमानिक होते.