सरकीचे मोल आणि रसायनज्ञाची नजर

कापूस म्हटला की वऱ्हाडात रुईचा भाव निघतो. सरकीचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वस्तुतः एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. उरलेले बहुतेक वजन सरकीचेच असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जिनांतून निघणाऱ्या सरकीचे मोल टिकविण्याची जबाबदारी तेलगिरणीचा कारभार पाहणाऱ्या रसायनज्ञावर असते. या विद्येचे शिक्षण विदर्भात नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९४२) उपलब्ध करून दिले.

रसायनज्ञ प्रथम सरकीतील ओलावा मोजतो. ओल्या सरकीचा ढीग आतून तापतो, तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात. ती कॉस्टिक सोड्याने काढताना त्यांच्याबरोबर चांगले तेलही वाया जाते. ओल्या मालाला भाव कमी मिळण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विषारी द्रव्यही असते. शुद्धीकरणात ते तेलातून निघून जाते व तेल खाण्यायोग्य होते. ढेपेत मात्र त्याचा अंश राहतो. मोठी गुरे आपल्या कोठीपोटामुळे ते बऱ्याच अंशी पचवितात. कोंबड्यांना व लहान वासरांना मात्र त्यापासून अपाय संभवतो.

तात्पर्य, सरकीची प्रत प्रयोगशाळेत नव्हे, शेतातच ठरते. दव सुकल्यावर वेचणी करावी आणि कापूस कोरड्या जागी साठवावा. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी हा साधा धडा कास्तकारांपर्यंत पोहोचविल्यास रसायनज्ञाचे निम्मे काम गावातच होईल.