जुन्या घड्याळाची पारख

प्रस्तावना

वस्तू जुनी झाली की तिचे मोल उतरते, हा आपला नेहमीचा अनुभव. काही वस्तूंच्या बाबतीत मात्र काळ उलटा हिशेब मांडतो. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावगृहात अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना हे मनगटी घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. जिथे एवढा पैसा, तिथे नक्कल आलीच. लिलावात मांडलेले जुने घड्याळ अस्सल की बनावट, हे जाणकार कसे ठरवतात, ते या पाठात आपण पाहू.

पाठ

घड्याळांची नक्कल ही आजची गोष्ट नव्हे. पॅरिसमधील विख्यात घड्याळजी अब्राहम लुई ब्रेगे यांच्या नावाने बनावट घड्याळे विकली जाऊ लागली, तेव्हा सुमारे १७९५ पासून त्यांनी तबकडीवर अतिसूक्ष्म अशी गुप्त स्वाक्षरी कोरण्यास आरंभ केला. प्रकाश तिरपा पडला तरच ती डोळ्यांना दिसे.

बनावट घड्याळ म्हटले की आपल्याला पदपथावरचे स्वस्त घड्याळ आठवते. ते ओळखणे फारसे अवघड नसते. हाताने चावी देण्याच्या जुन्या घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला साधारण पाच बारीक पावले टाकतो. तो सेकंदाला एकच उडी मारत असेल, तर आत बॅटरी आहे हे उघड झाले. लिलावात खरा त्रास देते ते घड्याळ निराळेच असते. त्याचे बरेचसे भाग अस्सल असतात, पण संपूर्ण घड्याळ खोटे असते. एकाची यंत्रणा, दुसऱ्याचे कवच, तिसऱ्याची तबकडी आणि नवे काटे असा तो संसार असतो. संग्राहक त्याला ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. मेरी शेली यांच्या १८१८ मधील कादंबरीत फ्रँकेनस्टाइन हा तरुण मृतदेहांचे अवयव जोडून एक प्राणी घडवतो, त्यावरून हे नाव पडले.

अशा घड्याळाची चोरी अनेकदा उघडी पाडतो तो अंधारात चमकणारा लेप. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंकांवर व काट्यांवर रेडियमयुक्त रंग देत असत. १९६० च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली आणि १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेले लेप आले. आता थोडे गणित करू. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. म्हणजे १९६५ च्या घड्याळातील ट्रिटियमचा आज जेमतेम तिसावा भाग उरला आहे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, त्यामुळे त्याचा किरणोत्सर्ग टिकून असतो. परंतु त्या किरणांच्या माऱ्यानेच त्यात मिसळलेले झिंक सल्फाइड निकामी होते आणि चमक विझते. म्हणून १९५५ चे घड्याळ अंधारात काळोखे राहावे, पण गायगर गणक जवळ नेताच टिकटिकावे, हे अस्सलपणाशी जुळते. विजेरीचा प्रकाश दाखवल्यावर ते बराच वेळ हिरवे उजळत राहिले, तर लेप नंतर दिलेला आहे. (असे घड्याळ घरी उघडून खरवडण्याचा मोह मात्र टाळावा, रेडियमची पूड श्वासावाटे आत जाणे घातक असते.) काट्यांवरचा लेप पांढराफेक आणि तबकडीवरचा पिवळट असेल, तर ते दोघे एकत्र म्हातारे झालेले नाहीत.

कवचाच्या कडा, कोरलेले क्रमांक आणि तबकडीवरची अक्षरे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतात. वारंवार घासलेल्या कवचाच्या धारदार कडा गोल होतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांची जाडी सारखी नसते, तर कधी ओळ किंचित वाकडी गेलेली असते.

कागदपत्रांचे काय? पाटेक फिलिप, लाँजिन यांसारख्या कंपन्या आपल्या जुन्या नोंदींतून क्रमांकानुसार माहिती देतात. ती मोलाची असते, पण तेवढ्यावर विसंबणे किती महागात पडते हे ओमेगाच्या प्रकरणातून दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्सच्या लिलावात १९५७ चे ओमेगा स्पीडमास्टर, सीके २९१५ या जातीचे घड्याळ, ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. लिलावापूर्वीचा अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकांचा! काळी तबकडी काळाच्या ओघात सुंदर तपकिरी झाली आहे, याचे तेव्हा मोठे कौतुक झाले. २०२३ मध्ये ओमेगाने जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळ्या भागांची जुळवाजुळव करून बनवलेले होते, त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, आणि ते विकत घेतले होते खुद्द ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. लिलावगृहाने क्रमांक, जात व विक्रीची तारीख कंपनीकडून पडताळून घेतली होती. कागद जुळले, वस्तू जुळली नाही. नोंदवही ज्यांच्या हाती, त्यांच्यापैकीच कोणी फितूर झाले तर कुंपणच शेत खाते.

आपल्याकडेही या विषयाला एक शाखा आहे. परदेशांतील संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ आहे. भारतातून विकली जाणारी, भडक रंगांनी पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांची जुनी घड्याळे असा त्याचा अर्थ. फाव्हर ल्यूबा, वेस्ट एंड आणि एचएमटी ही त्यांवरची नेहमीची नावे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूला घड्याळे बनवण्यास प्रारंभ केला. २०१६ मध्ये हा उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला आणि जुन्या घड्याळांची मागणी वाढली. साध्या ‘जनता’ची तबकडी बदलून तिला अधिक मागणी असलेली ‘पायलट’ करणे सोपे, कारण हाताने चावी देण्याची यंत्रणा दोन्हींत एकाच जातीची. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ रंगवून, सुटे भाग घालून पुन्हा चालते करणारा कारागीर कोणालाही फसवत नाही. त्याच घड्याळाला ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकणारा फसवतो. खोटेपणा रंगात नसून वर्णनात असतो.

म्हणूनच लिलावाच्या सूचीतील वर्णन शब्दशः वाचावे लागते. ‘तबकडी उत्तम स्थितीत’ म्हणजे ‘तबकडी मूळची’ नव्हे. अनेक लिलावांत वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते, आणि बोली जिंकल्यावर वरून लिलावगृहाचे शुल्कही द्यावे लागते. तेव्हा लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात घड्याळ हाती घेऊन पाहावे, पाठ उघडून यंत्रणा दाखवण्याची विनंती करावी, कोणते भाग बदलले आहेत हे लेखी विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर हात वर न करणेच बरे.

पाठगत प्रश्न

१. १९५५ च्या घड्याळाचा लेप अंधारात न चमकणे हे चांगले लक्षण का मानले जाते?
२. ‘कागद जुळले, वस्तू जुळली नाही’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूचे, तिच्या दुरुस्त्या न लपवता, लिलावाच्या सूचीसाठी पाच ओळींत वर्णन लिहा.