मुरमाच्या मैदानावर बॉल बनवायची कृती

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी-लिमटेक, मग काटेवाडी, भवानीनगर. या पट्ट्यात क्रिकेटचा सीझन आणि कारखान्याचा गळीत हंगाम बरोबरच चालतात. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या, कडेच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा. लेदर बॉलची गोडी लागलेली पोरं बारामतीला जातात. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामनाही झाला. हिरवळीवर बॉल बराच वेळ तुकतुकीत राहतो. गावाकडच्या मुरमावर पहिल्या दोन-चार चौकारांतच त्याचं कातडं सोलवटतं.

म्हणून ही कृती मुरमाच्या हिशोबाने लिहिली आहे. बॉल खडबडीत कसा करायचा, यावर जिकडेतिकडे चर्चा चालते. आपल्याकडे ते काम मुरूम फुकट करून देतो. अकरा जणांनी घाम गाळायचा तो दुसरी बाजू शाबूत ठेवायला.

आधी बॉल का वळतो ते थोडक्यात. गुळगुळीत बाजूवरून जाणारी हवा शांतपणे सरकते आणि लवकर सुटते. शिवण आणि खडबडीत बाजू हवेला घुसळतात. घुसळलेली हवा बॉलला जास्त वेळ धरून राहते, त्यामुळे मागे राहणारा हवेचा झोत एका अंगाला कलतो आणि बॉल त्याच्या उलट, म्हणजे खडबडीत बाजूकडे जातो. हा साधा स्विंग. वेग फार वाढला की दोन्ही बाजूंची हवा शिवणीपर्यंत पोचायच्या आधीच घुसळते आणि मग शिवणीचा उपयोग उलटा होतो. तिच्यापाशी हवा लवकर सुटते आणि बॉल चकचकीत बाजूकडे वळतो. हा रिव्हर्स. नव्या बॉलला त्यासाठी ताशी १४० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेग लागतो. बॉल जसा खरबरीत होत जातो तशी ही वेगाची अट खाली येते. गावच्या गोलंदाजाला रिव्हर्सची आशा धरता येते ती याच कारणाने.

घामाने एक बाजू भिजवून जड करायची म्हणजे बॉल वळतो, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक मैदानावर भेटतात. त्यांना चहा पाजा, पण ऐकू नका.

साहित्य

लाल लेदर बॉल, चार तुकड्यांचा. मोठ्यांच्या खेळात तो १५५.९ ते १६३ ग्रॅम असतो. स्वस्तातला दोन तुकड्यांचा बॉल सुरुवातीला छान हलतो, पण लवकर आकार सोडतो. भारतात कसोटीला वापरतात तो मेरठचा एसजी. हाताने शिवलेला असल्यामुळे त्याची शिवण उठून राहते, आणि आपल्याला शिवणच हवी आहे. पांढरा बॉल असेल तर चकाकीची फार आशा धरू नका. त्याचा लेप एकदा गेला की घासून परत येत नाही.

बाकी सामान म्हणजे सुती पँट (नायलॉनच्या ट्रॅकपँटवर बॉल नुसता घसरतो), पंचांनी पाहिलेला एक कोरडा रुमाल, आणि सांगितलेलं ऐकणारे क्षेत्ररक्षक. हे शेवटचं सामान मिळणं सगळ्यांत अवघड.

बाजू ठरवणं

नवा बॉल हातात आला की घासायची घाई करू नका. पहिली दोन-तीन षटकं दोन्ही बाजू नुसत्या पुसून ठेवा. तेवढ्यात बॉल एकदा तरी मुरमावरून सीमारेषेपर्यंत जाऊन येतो आणि कुठल्यातरी एका अंगाला ओरखडा उमटतो. तो उमटला की निर्णय झाला. ती खडबडीत बाजू, दुसरी चकाकीची. कर्णधाराने हे मोठ्याने सांगायचं आणि पुढे सामना संपेपर्यंत बदलायचं नाही. मधल्या षटकांत एखादा हौशी गडी येतो आणि खराब झालेली बाजू ‘नीट करतो’ म्हणून मांडीवर घासत सुटतो. दोन्ही बाजू सारख्याच बऱ्या झाल्या की तो बॉल सरळ जातो, आणि सरळ जाणारा बॉल मुरमाच्या छोट्या मैदानावर कुठे जाऊन पडतो ते सांगायला नको.

चार तुकड्यांच्या बॉलला मुख्य शिवणीखेरीज दोन्ही अंगांना एकेक बारीक जोड असतो. चकाकीच्या बाजूचा जोड उसवायला लागला तर तिथे जोर देऊ नका. जोडाच्या रेषेत घासा, रेषेवर आडवं नको.

घासण्याची पद्धत

बॉल शिवणीवर दोन बोटं आणि अंगठा ठेवून धरायचा. कपाळावरचा किंवा मानेवरचा घाम बोटाने टिपून चकाकीच्या बाजूवर पातळ फिरवायचा. थेंब ओघळता कामा नये. मग मांडीच्या वरच्या बाजूला, कापड ताणून, एकाच दिशेने लांब हात मारायचे. गोल गोल फिरवलं तर घाम शिवणीच्या खाचेत जातो. दोऱ्याला घाम लागला की शिवण मऊ पडते आणि टप्प्यावर बॉल काही करत नाही. आठ-दहा हात झाले की अंगठ्याचा कोरडा भाग त्या बाजूवरून ओढून बघा. अंगठा अडखळला तर ओल शिल्लक आहे, सर्रकन गेला तर काम झालं. बरोबर घासत असाल तर पँटीवर लाल डाग पडतो. घरी बोलणी बसतात, त्याला इलाज नाही.

थुंकी लावायची का? करोनामुळे जून २०२० मध्ये आयसीसीने ती बंद केली आणि ऑक्टोबर २०२२ पासून बंदी कायमची झाली. २०२५ च्या आयपीएलमध्ये मात्र बीसीसीआयने पुन्हा मुभा दिली. आपल्या स्पर्धेत काय चालतं ते टॉसच्या आधी पंचांना विचारून घ्या. घामावर काम भागतं.

एक माणूस, एक वाट

हे काम एकाकडेच द्या. शक्यतो मिड ऑफच्या माणसाकडे, कारण बॉल गोलंदाजाकडे जाताना तसाही त्याच्या हातून जातो. आणि त्याचे तळहात कोरडे राहत असतील तर उत्तम. इंग्लंडने एके काळी ही जबाबदारी सलामीच्या अ‍ॅलिस्टर कुककडे दिली होती, ती त्याला घाम फारसा येत नाही म्हणूनच. ऐकायला गंमत वाटते, पण बॉल जुना व्हायला लागल्यावर खडबडीत बाजू ठणठणीत कोरडी असावी लागते. घामट हाताच्या माणसाने बॉल मुठीत धरून आणला की ती बाजू चेपते, धूळ चिकटून तिचा लेप बसतो आणि खरबरीतपणा भरून निघतो.

बॉलची वाट ठरलेली हवी. यष्टिरक्षक, मग कव्हर किंवा पॉइंट, मग मिड ऑफ, मग गोलंदाज. प्रत्येकाने शिवणीला बोटांच्या टोकांनी धरायचं. मधल्या माणसांनी घासायचं नाही, पुसायचं नाही, हवेत उडवून झेलत बसायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना हे पटवायला अख्खा सीझन जातो, कारण टीव्हीवर सगळेच घासताना दिसतात.

थ्रो करताना सीमारेषेवरून एक टप्पा देणं आपल्या मैदानांवर स्वाभाविक आहे. लांबून आलेला थ्रो टप्पा घेतोच. जवळून, मुद्दाम, दर बॉलला जमिनीवर आपटत आणणं हे पंचांच्या नजरेत येतं आणि यायलाच हवं. मुरमावर त्याची गरजही नाही. उलट त्या आपटण्यात चकाकीची बाजू मार खाते.

दहिवर आणि पाणी

नोव्हेंबर ते जानेवारी सकाळच्या सामन्यांत उसाच्या कडेच्या मैदानांवर दहिवर असतं. बॉल ओला होतो, कातडं फुगतं. पहिला तासभर चकाकीचा नाद सोडा आणि फक्त कोरडेपणा सांभाळा. रुमालाने टिपायचं, रगडायचं नाही. शिवणीतली ओल रुमालाची कडा दाबून काढायची. ऊन वर आलं की मग घासायला सुरुवात. दमट हवेत बॉल जास्त वळतो हा समज सगळीकडे आहे, पण नुसत्या दमटपणाचा असा परिणाम प्रयोगांत दिसून आलेला नाही. सकाळी बॉल हलतो, कारण तेव्हा तो नवा असतो आणि वाराही पडलेला असतो.

हद्द कुठे आहे

क्रिकेटच्या नियमांत ही गोष्ट ४१.३ मध्ये आहे. कपड्यावर घासता येतं, बाहेरचा पदार्थ लावायचा नाही, वेळ दवडायचा नाही. ओला बॉल पंचांनी मान्य केलेल्या कापडाने पुसता येतो. चिखल काढायचा तर पंचांच्या देखत. याबाहेर गेलात तर समोरच्यांना बॉल बदलून मागता येतो आणि पाच धावाही मिळतात.

या अटी किरकोळ वाटतात, म्हणून दोन आठवणी. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन तेंडुलकर शिवणीत अडकलेलं काढत असताना कॅमेऱ्यात दिसला. पंचांना सांगितलं नव्हतं, आणि सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याच्यावर कारवाई केली. पुढचा गोंधळ सगळ्या देशाने पाहिला. जानेवारी २००४ मध्ये ब्रिस्बेनला राहुल द्रविडने तोंडातली गोळी बॉलला लावली म्हणून अर्धी मॅच फी गेली. द्रविड! तेव्हा आपल्या तोंडात गोळी असेल तर बॉलला हात लावू नका, आणि शिवणीत खडा अडकला तर बॉल उचलून आधी पंचांकडे चाला. केपटाऊनच्या २०१८ च्या सँडपेपरबद्दल वेगळं काय सांगायचं. स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर घरी बसले.

पकड आणि टाकणं

उजव्या हाताचा फलंदाज धरू. आउटस्विंगला शिवण पहिल्या-दुसऱ्या स्लिपकडे, साधारण वीस अंश तिरकी, चकाकी गोलंदाजाच्या उजव्या अंगाला. इनस्विंगला शिवण फाइन लेगकडे, चकाकी डावीकडे. मनगट बॉलच्या मागे राहिलं पाहिजे. शिवण हवेत डुगडुगली तर आतापर्यंतचं सगळं घासणं पाण्यात.

बॉल कधी उलटतो? हिरव्या मैदानावर तीस-चाळीस षटकं लागू शकतात, मुरमावर बरंच आधी. खूण यष्टिरक्षकाला आधी कळते. आउटस्विंगच्या पकडीने टाकलेला बॉल शेवटच्या दोन-तीन यार्डांत आत यायला लागतो. तसं दोनदा झालं की पकड तीच ठेवा, टप्पा पुढे न्या आणि मिडविकेटला माणूस लावा. आता चकाकीच्या बाजूला घामही बेताने, खडबडीत बाजूला हातसुद्धा नको.

वेग कमी असेल, ताशी ११० च्या आसपास, तर रिव्हर्सच्या मागे लागू नका. तुमच्यासाठी दुसरी युक्ती आहे. शिवण एकदम सरळ, फलंदाजाकडे उभी ठेवा. एक बाजू खरबरीत आणि एक गुळगुळीत एवढ्या फरकावर बॉल खडबडीत बाजूकडे जातो. नासाच्या एम्स केंद्रातले रबींद्र मेहता यांनी क्रिकेट बॉलच्या हवेतल्या वागण्यावर अनेक वर्षं काम केलं, त्यांनी या प्रकाराला ‘कॉन्ट्रास्ट स्विंग’ म्हटलं. आपल्याकडच्या मध्यमगती गोलंदाजांच्या हाती हाच खरा माल आहे, आणि त्याला शिवण तिरकी धरून टाकायचं कसबही लागत नाही.

फलंदाज हुशार असेल तर गोलंदाज धावत येत असताना तो चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बघतो. श्रीरामपूरचा झहीर खान धावताना दुसऱ्या हाताने बॉल झाकून घ्यायचा, ते याचसाठी. ते मात्र उशिरा शिका. आधी झाकण्यासारखं काही बॉलवर तयार झालं पाहिजे.

सरावाचा बॉल

सामन्यात ज्याला हात लावायचा नाही ते सगळं नेटमध्ये चालतं. सामन्यात वापरलेला, आकार न सोडलेला एक बॉल घ्या. शिवणीच्या कडेला इलेक्ट्रिकची टेप लावून एक अर्धा भाग झाकून टाका. उघड्या अर्ध्यावर सुताराकडचा ८० नंबरचा पॉलिश पेपर दाबून फिरवा. रंग जाऊन कातड्याचा फिका भाग दिसायला लागला की थांबा, खड्डे पडू देऊ नका. टेप काढून दुसरी बाजू कोरड्या सुती फडक्याने चकचकीत करा. असा बॉल पहिल्या चेंडूपासून जुन्या बॉलसारखा वागतो, त्यामुळे गोलंदाजाला पकड आणि मनगट शिकता येतं आणि फलंदाजालाही उशिरा वळणारा बॉल खेळायची सवय होते.

लेदर बॉल परवडत नसेल तर टेनिस बॉलच्या अर्ध्या भागावर तीच टेप घट्ट, सुरकुती न पडता चिकटवा. वळण भरपूर मिळतं. कुठल्या अंगाला आणि किती, ते टेपचा ताण आणि उरलेली लव यावर ठरतं, म्हणून आधी भिंतीकडे चार-सहा चेंडू टाकून बघा आणि मग फलंदाज उभा करा. या बॉलांवर पेनाने मोठं ‘सराव’ लिहून ठेवा. सामन्याच्या दिवशी किटमधून चुकून तोच बाहेर आला तर पंचांना समजावता समजावता नाकी नऊ येतील.