होडीच्या खणात पाणी येते कोठून?

हर्णैच्या बंदरावर मासेमारी करणारा माझा एक जुना विद्यार्थी एका रविवारी सकाळी घरी आला. हातात कागदात गुंडाळलेला रबराच्या पट्टीचा तुकडा होता. चहा होण्यापूर्वीच त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, हे रबर खराब आहे का, तेवढं बघून सांगा."

त्याची होडी फायबरची, सुमारे आठ मीटर लांबीची. होडीच्या नाळेत, म्हणजे अगदी पुढच्या भागात, फळीखाली सामान ठेवण्याचा एक खण आहे. त्यात जादा जाळी, दोर, हत्यारे आणि जीवरक्षक जॅकेटे असतात. खणाच्या तोंडावर ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद असे प्लायवुडचे झाकण. एके संध्याकाळी परतताना वारा फिरला आणि लाटा नाळेवरून आत येऊ लागल्या. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की नाळ लाटेवर चढतच नाही, लाटेत घुसते आहे. त्याने होडी फिरवून लाटा पाठीवर घेतल्या. धाकट्या भावाने झाकण उघडून पाहिले तर खणात गुडघाभर पाणी! दोघांनी बादलीने उपसून होडी कशीबशी बंदरात आणली. दुसऱ्याच दिवशी त्याने झाकणाचे जुने रबर काढून दुप्पट जाडीचे नवे रबर बसवले.

"आणि आता पहिल्यापेक्षा जास्त पाणी येतं," तो म्हणाला.

मित्रांनो, जाड रबर लावल्यावर गळती वाढावी हे विचित्र वाटते ना? मलाही वाटले. म्हणून आम्ही आधी हिशेब केला.

झाकण आणि काठ यांच्यामध्ये १ मिलिमीटरची फट आहे असे समजा. चार पोस्टकार्डे एकावर एक ठेवली की साधारण एवढी जाडी होते. ही फट २० सेंटिमीटर लांबीची असेल तर तिचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर. झाकणावर ५ सेंटिमीटर पाणी साचले असताना फटीतून आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग टॉरिसेलीच्या नियमाने काढता येतो. हा वेग २ × गुरुत्वत्वरण × पाण्याची उंची यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा असतो. २ × ९.८ × ०.०५ म्हणजे ०.९८, आणि त्याचे वर्गमूळ ०.९९. म्हणजे वेग सेकंदाला जवळजवळ १ मीटर झाला. फटीतून जाताना पाण्याची धार आकसते, म्हणून उत्तराला ०.६ ने गुणू. सेकंदाला सुमारे १२० घन सेंटिमीटर पाणी आत जाते. प्रत्येक लाटेनंतर पाणी पाच सेकंद झाकणावर राहिले आणि मिनिटाला अशा सहा लाटा आल्या, तर मिनिटाला ३.६ लिटर आणि अर्ध्या तासात १०८ लिटर! समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते. तेव्हा नाळेत ११० किलोग्रॅम वजन वाढले. दोन माणसे नाळेवर जाऊन बसावीत तसेच हे झाले.

शिवाय माणसे एका जागी बसतात, पाणी बसत नाही. उथळ ताटात पाणी घेऊन चालून पाहा. ताट जरा कलले की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि ताट आणखी कलते. तेवढ्याच वजनाचे तांदूळ घेऊन चाला, म्हणजे फरक कळेल. खणात मोकळे हिंदकळणारे पाणी होडीला असेच दगा देते. खणाच्या मधोमध एक उभी, लांबीच्या दिशेने जाणारी फळी घातली तर हा परिणाम चौथाईवर येतो. तो का, याचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर करून पाहावे. खणाच्या रुंदीचा घन त्यात येतो एवढीच खूण देतो.

आता रबराकडे वळू. पाणी अडवते ते नुसते रबर नव्हे, दाबलेले रबर. दाबले की ते काठाच्या बारीकसारीक उंचसखल भागांत शिरते आणि आपल्या स्थितिस्थापकतेने त्यांना चिकटून राहते. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की वाफ कशी निसटते ते तुम्ही पाहिलेच असेल. मात्र दाबाला मर्यादा हवी. १२ मिलिमीटरची पट्टी ९ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे चौथा हिस्सा, दाबली की पुष्कळ होते. फार दाबलेले रबर महिनोन् महिने तसेच राहिले तर ते पुन्हा फुगत नाही, कायमचे चपटे होते.

आमच्या या विद्यार्थ्याने जेथे १२ मिलिमीटरची जागा होती तेथे २४ मिलिमीटरचे रबर घातले होते. परिणामी बिजागरीकडची बाजू आधीच रबरावर टेकून अडली. पुढच्या दोन कड्या त्याने जोर लावून बसवल्या तेव्हा कड्यांजवळ रबर चिरडले, पण त्यांच्यामध्ये प्लायवुड धनुष्यासारखे वर वाकले. म्हणजे जाड रबराने फट बुजवली नाही. झाकण वाकवून नवी फट तयार केली.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले ते खडूच्या तुकड्याने. मोठ्या जहाजांच्या झाकणांची तपासणी करतानाही ही साधी युक्ती वापरतात. काठाच्या वरच्या कडेवर सगळीकडे खडू घासायचा, झाकण नेहमीसारखे बंद करून कड्या लावायच्या आणि पुन्हा उघडायचे. रबरावर पांढरी रेघ उमटते. रेघ अखंड असेल तर रबर सर्वत्र टेकले. रेघ तुटली तेथे गळती. आमची रेघ तीन ठिकाणी तुटली होती: बिजागरीच्या दोन्ही बाजूंना आणि दोन कड्यांच्या मध्ये. शिवाय पट्टीची दोन टोके एका कोपऱ्यात जोडलेली होती आणि तेथे नख जाईल एवढी भेग होती. जोड कोपऱ्यात कधी करू नये. तो सरळ बाजूच्या मध्यावर, टोके तिरकी कापून आणि चिकटवून करावा.

त्याने आणलेल्या तुकड्याचीही परीक्षा केली. तो वजन करून पाण्यात बुडवला, पाण्यातच दोन-तीनदा पिळला आणि पुन्हा वजन केले. वजन तिपटीहून जास्त भरले! हे स्पंजासारखे रबर होते, त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली. वातीतून तेल चढते तसे त्यातून पाणी आत झिरपते. झाकणाला बंद छिद्रांचे रबर लागते, ज्यात प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असतो. असा तुकडा पाण्यात पिळला तरी त्याचे वजन फारसे वाढत नाही. दुकानात दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या दिसतात, तेव्हा विकत घेण्यापूर्वी एक वीतभर तुकडा मागून हा प्रयोग करणे बरे. आणखी एक गोष्ट. साधे रबर उन्हाने आणि हवेतील ओझोनने तडकते. ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर ऊन चांगले सोसते, पण डिझेल लागले की फुगते. जवळ डिझेलचा कॅन असेल तर निओप्रीन बरे.

झाकणही बदलावे लागले. जुने १२ मिलिमीटर जाडीचे होते आणि त्याच्या कडा रंगवलेल्या नव्हत्या. प्लायवुड पाणी पिते ते मुख्यतः कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. पदर फुगतात आणि फळी पिळवटते. नवे झाकण १८ मिलिमीटरचे केले, आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायवुडचे. जाडी दीडपट केली म्हणजे ताठपणा दीडपट वाढतो असे नाही, तर दीडच्या घनाएवढा, म्हणजे जवळजवळ ३.४ पट वाढतो. कडांना आणि भोकांना आतून इपॉक्सीचे तीन हात दिले. कड्या दोनाच्या चार केल्या.

झाकणाला भोवती खाली वळणारी ओठासारखी पट्टी लावली. डब्याचे झाकण डब्यावर बसते तसे हे झाकण आता काठाला बाहेरून कवेत घेते. लाटेचे पाणी आडवे आदळते, ते या ओठावर फुटते आणि रबरापर्यंत जोराने पोचत नाही. झाकण वरून बसणारे असल्याने साचलेल्या पाण्याचे वजन ते रबरावर आणखी दाबते. ५ सेंटिमीटर पाण्याचे या झाकणावरचे वजन सुमारे १४ किलोग्रॅम होते. ते आपल्याच बाजूने काम करते.

काठाच्या उंचीवरून मात्र आमचा वाद झाला. तो जेमतेम ३ सेंटिमीटर होता. मी म्हटले १० करू, म्हणजे साचलेले पाणी रबरापर्यंत चढण्याआधीच वाहून जाईल. तो म्हणाला, "सर, जाळं अडकेल, आणि रात्री पाय अडकून माणूस पाण्यात जाईल." त्याचे बरोबर होते. शेवटी ७ सेंटिमीटर उंची ठरली आणि ओठाच्या बाहेरच्या कडा घासून गोल केल्या.

सगळे झाले, खडूची रेघ अखंड उमटली आणि मी निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. "सर, दोन-तीन लिटर पाणी अजून येतं. आणि लाटा नसतानाही येतं!" केव्हा येते, असे खोदून विचारल्यावर कळले की दुपारी मासळी उतरवल्यावर समुद्राच्या पाण्याने फळी धुतली की येते.

येथे मला माझ्याच विषयाची आठवण व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. गरम पाण्याने विसळून पाणी ओता, लगेच बूच घट्ट लावा आणि बाटली गार पाण्यात धरा. बाटली चेपते. आता बुचाला टाचणीने भोक पाडून तोच प्रयोग करा, बूच पाण्यात बुडलेले ठेवून. या वेळी बाटली पाणी आत ओढून घेते.

खण म्हणजे अशीच एक बाटली. दुपारी आत तापमापक ठेवला तर ४७ अंश सेल्सिअस दाखवले, म्हणजे निरपेक्ष तापमान ३२० अंश. फळीवर समुद्राचे गार पाणी ओतले आणि आतली हवा २९ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष ३०२ वर आली असे धरू. आकारमान कायम असेल तर दाब तापमानाच्या प्रमाणात कमी होतो. ३०२ भागिले ३२० म्हणजे ०.९४, दाब सुमारे साडेपाच टक्क्यांनी उतरला. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, त्याचे साडेपाच टक्के म्हणजे ५.६ किलोपास्कल. एवढा दाब ५६ सेंटिमीटर उंच पाण्याचा असतो! आम्ही ५ सेंटिमीटर पाण्याला अडवत होतो आणि खण स्वतःच त्याच्या अकरा पट ओढीने पाणी शोषत होता. ४०० लिटरच्या खणात या ओढीने २२ लिटरपर्यंत पाणी येऊ शकते. प्रत्यक्षात सगळी हवा इतकी गार होत नाही, आणि थोडी हवाही आत शिरते, म्हणून दोन-तीन लिटरवर भागले. आणि गंमत पाहा, झाकण जितके चांगले बसेल तितकी ही ओढ तीव्र, कारण हवेला यायला दुसरी वाटच उरत नाही. मग एखाद्या स्क्रूशेजारचे सुईएवढे छिद्रही पुरते.

उपाय म्हणजे खणाला श्वास घ्यायला जागा देणे. १० मिलिमीटर व्यासाची नळी पुरते. पण ती कोठे लावायची, हा प्रश्न गंभीर आहे. सप्टेंबर १९८० मध्ये 'डर्बिशायर' हे जवळजवळ ३०० मीटर लांबीचे ब्रिटिश मालवाहू जहाज जपानच्या दक्षिणेस वादळात बुडाले आणि त्यावरील सर्व ४४ जण प्राणांस मुकले. १९९४ मध्ये त्याचे अवशेष सुमारे चार किलोमीटर खोलीवर सापडले. पुन्हा चौकशी झाली आणि २००० साली निष्कर्ष निघाला: नाळेवरचे हवेचे नळ आणि वायुवीजनाची तोंडे लाटांनी मोडून नेली, त्या भोकांतून पुढच्या भागात पाणी भरत गेले, नाळ खाली गेली आणि मग लाटांच्या माऱ्याखाली पहिल्या कोठाराचे झाकण फुटले. हवेसाठी ठेवलेली वाट पाण्याची वाट झाली.

म्हणून आम्ही नळी नाळेवर उघडी ठेवली नाही. ती खणाच्या मागच्या भिंतीतून काढून होडीच्या बगलेने मागे नेली आणि इंजिनावरच्या छताखाली उंचावर, छत्रीच्या मुठीसारखी खाली वळवून सोडली. तोंडाशी बूच दोरीने बांधून ठेवले आहे. फारच खवळलेल्या समुद्रात ते लावायचे.

येथे एक सूचना द्यायलाच हवी. गळती शोधण्यासाठी बंद खणात उतरून वरून झाकण लावून घेण्याची कल्पना कोणाला सुचली तर ती अमलात आणू नका. कुजलेल्या मासळीतून विषारी वायू निघतात आणि प्राणवायू कमी होतो. त्यापेक्षा रात्री आत बॅटरी पेटवून ठेवा आणि बाहेरून प्रकाशाची रेघ शोधा.

आमच्या विद्यार्थ्याने स्वतःच आणखी सोपी पद्धत काढली आहे. तो खणाच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवतो आणि परतल्यावर कोणता कोपरा ओला झाला ते पाहतो. नळी बसवल्यानंतरच्या आठवड्यात कागद कोरडा निघाला, फक्त उजव्या पुढच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग होता. त्याच्या बरोबर वर चौथ्या कडीचा स्क्रू होता. तो काढून भोकात इपॉक्सी भरली, वाळू दिली आणि मग त्यात नवे बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवला.