हिरड्या काळ्या आहेत? आधी एवढे वाचा

नारायण पेठेत घरकामाला जाणाऱ्या एका ताईंनी आम्हाला विचारले, "सिस्टर, पोरीच्या हिरड्या काळ्या आहेत. पाहुणे बघायला यायच्या आधी लेझर करून घेऊ का? बचत गटातून कर्ज मिळतंय."

आम्ही पोरीच्या हिरड्या पाहिल्या. रंग सगळीकडे सारखा, सूज नाही, रक्त नाही. हा आजार नव्हे. कातडीला रंग देणारे मेलॅनिन हिरड्यांतही असते. लेझरने वरचा थर काढला, तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रंग परत येऊ शकतो. सावळेपणा म्हणजे घाण नव्हे, कमीपणा तर नव्हेच. त्यासाठी कर्ज काढू नका.

ताईंच्या स्वतःच्या हिरड्यांतून मात्र ब्रश करताना रक्त येत होते. त्या रोज मिश्री लावत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. उपचाराची खरी गरज ताईंनाच होती.

हिरड्यांची शस्त्रक्रिया वाईट नाही. हसताना हिरडी फार दिसत असेल, दात आखूड वाटत असतील, तर जादा हिरडी कापून आकार देतात. पण कारण ओठात किंवा जबड्याच्या हाडात असेल, तर नुसती हिरडी कापून भागत नाही. फिटच्या फेनिटॉइन किंवा बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनेही हिरड्या वाढू शकतात. अशी गोळी मनाने बंद करू नका; ती देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

होकार देण्याआधी विचारा: कारण काय? नाही केले तर काय बिघडेल? एकूण खर्च लिहून द्याल का? साखर, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, तंबाखू, यातले काही असेल तर आपणहून सांगा.

आझम कॅम्पसमधील रंगूनवाला आणि धनकवडीतील भारती विद्यापीठ या दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासतात. तिथेही एकदा दाखवून मत घ्या.

रक्त, पू, हलणारा दात, एकाच जागी उठलेला नवा काळा किंवा पांढरा डाग, 2 आठवड्यांत न भरलेली जखम: यांपैकी काही दिसले तर मात्र थांबू नका.

ताईंनी कर्ज घेतले नाही. स्वतःच्या दातांवरचे किटण काढून घेतले. मिश्री सुटायला वेळ लागतो आहे. आम्ही सोबत आहोत.