हक्कसोडपत्र आणि कथा

अरे, कथेला विषय सुचत नाही म्हणून तू चार दिवस माथेरानला जाऊन बसणार, असं ताई सांगत होती. हवापालट म्हणून जरूर जा. विषयासाठी मात्र तुझ्या बोरिवलीच्या सोसायटीतला नोटीस बोर्ड वाच. थकबाकीदारांची यादी लागलेली असेल. दर महिन्याला वेळेवर चेक देणारा माणूस एकाएकी त्या यादीत आला, की त्याच्या घरात काहीतरी घडलेलं असतं. ते विचारायला त्याच्या दारात जाऊ नकोस. काय घडलं असेल ते तू ठरव.

मला इतक्या वर्षांत कळलं ते एवढंच, की विषयाच्या मागे लागू नये, देण्याघेण्याच्या मागे लागावं. एकटेपणा, महानगर, तुटणारी नाती हे परिसंवादाचे विषय झाले. कोण कोणाचं काय देणं लागतो आणि ते देताना हात का आखडतो, हे सापडलं की पात्रं बोलायला लागतात.

आपल्या उपनगरांत सध्या जिकडेतिकडे पाडकाम चाललंय. 2019 पासून पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते, पूर्वी 75 टक्के लागायची. ही झाली बातमी. कथा तिच्या खाली आहे. घर वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. बिल्डर कागद मागतो आणि इतकी वर्षं कोणी न काढलेला वारसाचा प्रश्न निघतो. डोंबिवलीला दिलेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला येते. रजिस्ट्रेशनच्या कचेरीत तिचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतात. बाहेर आल्यावर भाऊ तिला रिक्षाचे पैसे देऊ करतो. ती घेते का? ही सही भाऊबीजेच्या आधीची की नंतरची? वहिनीनं त्या दिवशी जेवायला काय केलं होतं? एवढी उत्तरं लिहून काढ, आणि अन्याय हा शब्द पूर्ण कथेत एकदाही येऊ देऊ नकोस.

घाटकोपरला उतरशील तेव्हा चिरागनगरच्या बाजूला एक चक्कर मार. अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडीत राहिले. शाळा त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली. तरी 1959 साली 'फकिरा' कादंबरी आली ती त्यांच्याच लेखणीतून, वारणेकाठची माणसं घेऊन. म्हणजे जिथे राहतो तिथलंच लिहावं, असंही काही नाही. जयंत पवारही बोरिवलीत राहायचे आणि लिहिताना गिरणगावात परतायचे. पण अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा तू पुन्हा वाच, आणि या वेळी पेन्सिल घेऊन वाच. दगडाची खाण बंद पडून काम गेलेला भीमा स्मशानातली राख चाळून सोनं शोधतो. एका रात्री पुरलेलं प्रेत उकरताना त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि पुढे ती कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणाऱ्याची बोटंच गेली! लेखक गरिबीवर भाष्य करत बसत नाही. काम केव्हा गेलं, केव्हा परत आलं, एवढी वेळ तो अचूक साधतो. तुझ्या कथांत मला हेच कमी वाटतं. तुझी माणसं विचार फार करतात. पगार कधी होतो, हप्ता कधी जातो, हे मात्र कळत नाही.

नोकरीमुळे लिहिणं होत नाही ही तक्रार सोड. कथाकार श्री. दा. पानवलकर कस्टम्समध्ये होते. त्यांच्या 'सूर्य' कथेवरून 'अर्धसत्य' सिनेमा आला. व. पु. काळे महापालिकेत आर्किटेक्ट होते. तुझं ऑफिस मरोळला आहे, मेट्रोनं रोज जातोस. कानातले इअरफोन काढ, म्हणजे शैलीचं कामही तिथेच सुरू होईल.

शैली अशी वेगळी शोधून सापडत नाही रे, ती ऐकून येते. भांडुपची मालवणी आजी, मुलुंडचा कच्छी दुकानदार, मरोळ गावठाणातली ईस्ट इंडियन बाई, तिघंही मराठी बोलतील. पण भांडताना वाक्य कुठे तोडतात ते ऐक. मग एकच प्रसंग, समज पाण्याच्या टाकीवरून झालेली मारामारी, आधी सेक्रेटरीच्या इतिवृत्तात लिही, मग पोलिसातल्या तक्रारीसारखी, मग मोलकरीण गावी बहिणीला फोनवर सांगेल तशी. तिसरा मजकूर लिहिताना तुझा हात मोकळा सुटेल. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' 1965 मध्ये आला तेव्हा त्याच्या भाषेवरून केवढं वादळ उठलं! त्यांची नक्कल मात्र करू नकोस. तो नाका त्यांचा होता. लिहिलेलं मोठ्यानं वाच. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य खोटं आहे, ते काढून टाक.

आणि एक सांभाळ. शेजाऱ्याची गोष्ट घेतलीस तर मजला, धंदा, मुलांची संख्या सगळं बदल. त्याला उद्या लिफ्टमध्ये तुझ्यासमोर उभं राहायचंय. त्याची अब्रू तुझ्या कथेपेक्षा मोठी आहे, हे मी अगदी मनापासून सांगते.

दिवाळी अंकांच्या कथा पावसाळ्यातच द्याव्या लागतात. मेअखेर पहिला खर्डा पूर्ण कर आणि मुलुंडला घेऊन ये. टाईप करायची गरज नाही, वहीच आण.